अटारीचा दुसरा भागीदार

कॅलिफोर्नियातल्या रेडवूड सिटीची अ‍ॅम्पेक्स ही कंपनी व्हिडिओ टेपसाठी प्रसिद्ध होती. चुंबकीय फितीवर चित्र साठवणारं पहिलं व्यावसायिक यंत्र तिनं १९५६ साली बाजारात आणलं, आणि पुढे कागदपत्रांची चित्रं फितीवर साठवून हवी तेव्हा पडद्यावर दाखवणारा ‘व्हिडिओफाइल’ नावाचा वेगळा विभागही काढला. १९६९ मध्ये त्या विभागात एक उंच, हसतमुख, अखंड बोलणारा तरुण इंजिनिअर रुजू झाला. त्याचं नाव नोलन बुशनेल. त्याला जी खोली मिळाली तिथे टेड डॅबनी आधीपासून बसत होता. व्हिडिओ गेमचा उद्योग जगात ज्या भागीदारीतून उभा राहिला, तिची सुरुवात या खोलीतल्या दोन टेबलांपासून झाली.

दोघं एकमेकांपासून अगदी वेगळे. बुशनेल युटा राज्यातला. वडील सिमेंटची कंत्राटं घ्यायचे. ते गेले तेव्हा हा पंधरा वर्षांचा होता, आणि त्यांची अर्धवट राहिलेली कामं त्यानं स्वतः पुरी केली. कॉलेजात असताना तो सुट्ट्यांमध्ये लगून नावाच्या जत्रावजा करमणूक उद्यानात कामाला जाई. बॉलनं बाटल्या पाडा नि बक्षीस न्या, असे तिथले खेळ. रस्त्यानं चाललेल्या माणसाला थांबवायचं कसं, त्याच्या खिशातलं नाणं बाहेर काढायचं कसं आणि हरल्यावरही त्याला पुन्हा खेळावंसं वाटायला लावायचं कसं, हे त्याला तिथे समजलं. विद्युत अभियांत्रिकीची पदवी त्याच्याकडे होती, पण त्याच्या पुढच्या आयुष्याचा खरा अभ्यासक्रम लगूनमध्ये झाला असं माझं मत आहे.

डॅबनी वयानं सहाएक वर्षांनी मोठा. सॅन फ्रान्सिस्कोचा. इंजिनिअरिंगची पदवी नाही. इलेक्ट्रॉनिक्स तो अमेरिकेच्या मरीन दलात शिकला. नंतर नोकऱ्या करत करत अ‍ॅम्पेक्समध्ये आला आणि व्हिडिओच्या सर्किटांमध्ये मुरला. बोलणं मोजकं. हाताशी असेल त्या सामानातून चालणारी वस्तू करायची, हा त्याचा स्वभाव. वीजपुरवठा, अ‍ॅम्प्लिफायर, लाकूडकाम, सगळ्यांत त्याचा हात बसलेला. बुशनेलला गो या जपानी पटावरच्या खेळाचं वेड होतं, तेव्हा डॅबनीनं लाकडाचा पटच करून आणला. एका बाजूला गोच्या रेघा, दुसऱ्या बाजूला विभागाचं बोधचिन्ह. खेळ संपला की पट उलटा करून भिंतीवर टांगायचा, म्हणजे साहेब आले तरी हरकत नाही.

बुशनेलच्या डोक्यात त्या वेळी पिझ्झाचं दुकान होतं. खाणं यायला वेळ लागतो, तेवढ्यात मुलांना गुंतवायला बोलणारी, गाणारी यंत्रं ठेवायची. दोघं दुपारी आसपासची पिझ्झाची दुकानं बघत हिंडत. मग एक दिवस बुशनेल डॅबनीला स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत घेऊन गेला. तिथल्या मोठ्या संगणकावर ‘स्पेसवॉर’ चालायचा. हा खेळ १९६२ साली एमआयटीत स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी लिहिला होता. दोन यानं, मध्ये एक तारा, एकमेकांवर मारा. ज्या पीडीपी-१ वर तो जन्मला त्याची किंमत सव्वा लाख डॉलरच्या घरात. बुशनेलचं म्हणणं असं, की हाच खेळ नाणं टाकून खेळता आला तर लोक रांगा लावतील.

त्या वेळी डेटा जनरलचा नोव्हा नावाचा छोटा संगणक नुकताच आला होता, सुमारे चार हजार डॉलरचा. एका नोव्हाला अनेक पडदे जोडायचे आणि खर्च वाटून काढायचा, असा बेत ठरला. अ‍ॅम्पेक्समधलाच एक प्रोग्रामरही सोबत घेतला. पण नोव्हा इतका वेगवान नव्हता. एक पडदा सांभाळतानाच त्याची दमछाक होई. अनेकांची गोष्टच नको. संगणक बाजूला ठेवल्यावर हिशेब जमेना, आणि संगणक ठेवला तर यंत्र परवडेना. पुष्कळ लोकांनी इथे नाद सोडला असता. याच सुमारास स्टॅनफर्डमध्ये दुसऱ्या दोघांनी, बिल पिट्स आणि ह्यू टक यांनी, पीडीपी-११ संगणक लावून ‘गॅलक्सी गेम’ बनवला. विद्यार्थी संघाच्या इमारतीत तो वर्षानुवर्षं गर्दीत चालला, पण दहा सेंटांच्या नाण्यांनी त्यावर खर्चलेले वीस हजार डॉलर कधी भरून निघणार?

इथे डॅबनी कामाला आला. घरात जुना कृष्णधवल टीव्ही ज्यांनी पाहिला आहे त्यांना ‘व्हर्टिकल होल्ड’ची कळ आठवेल. ती जरा फिरवली की चित्र वर किंवा खाली पळू लागायचं. बुशनेलनं विचारलं, सगळं चित्र पळवण्याऐवजी फक्त एक ठिपका असा पळवता येईल का? डॅबनी म्हणाला, येईल, पण कळ फिरवून नाही. त्यासाठी अंकमोजणीची सर्किटं लागतील.

त्यामागची कल्पना देखणी आहे, म्हणून थोडी सविस्तर सांगतो. टीव्हीच्या नळीत इलेक्ट्रॉनांचा झोत डावीकडून उजवीकडे, एकाखाली एक रेघा मारत जातो आणि सेकंदाला साठ वेळा पडदा पालथा घालतो. कुठल्या क्षणी झोत कुठे आहे, हे मोजायला एक गणक लागतो. डॅबनीनं त्याच्या जोडीला दुसरा गणक बसवला. दुसऱ्याचा आकडा ठरावीक जागी पोचला की झोत क्षणभर उजळायचा, म्हणजे पडद्यावर ठिपका उमटायचा. दोन्ही गणकांची फेरी सारख्याच आकड्यांची असेल तर ठिपका दर खेपेला त्याच जागी दिसतो. पण दुसऱ्याच्या फेरीतून एक आकडा कमी केला, की ठिपका दर खेपेला जरासा अलीकडे उमटतो. एक वाढवला, की जरासा पलीकडे. देवळाला दोघं प्रदक्षिणा घालत असावेत आणि एकाची चाल किंचित झपाट्याची असावी, म्हणजे त्यांच्यातलं अंतर दर फेरीला थोडं बदलत जातं, तसंच हे. आडव्या दिशेला एक जोडी, उभ्या दिशेला एक जोडी, आणि ठिपका हवा तिकडे चालू लागला. संगणक नाही, प्रोग्राम नाही, फक्त बाजारात मिळणाऱ्या स्वस्त लॉजिक चिप आणि एक घरगुती टीव्ही.

हे काम डॅबनीच्या घरी झालं. त्याच्या सांगण्याप्रमाणे त्यासाठी त्यानं आपल्या मुलीला आई-वडिलांच्या झोपायच्या खोलीत हलवलं आणि तिच्या खोलीचा कारखाना केला. बुशनेल पुढे अनेक वर्षं मुलाखतींत सांगत राहिला, की ती खोली त्याच्या मुलीची होती आणि सर्किटही त्याचंच. त्या काळी या दोघांपलीकडे तिथे फारसं कुणी नव्हतं. मात्र डॅबनीचं व्हिडिओतलं आधीचं काम पाहिलं, की ठिपका हलवण्याची युक्ती त्याच्या हातून उतरली हे पटतं. त्या ठिपक्यांपासून पूर्ण खेळ रचण्याचं श्रेय बुशनेलचं, आणि ते काही कमी नव्हे. यानांचे आकार त्यानं डायोड ओळीनं मांडून साठवले. सर्किट बोर्डाकडे नुसतं पाहिलं तरी डायोडांत रॉकेट दिसतं.

दोघांनी खिशातून काही शे डॉलर घालून ‘सिझिजी’ नावाची भागीदारी केली. माउंटन व्ह्यूमधली नटिंग असोसिएट्स ही कंपनी नाणं टाकून प्रश्नोत्तरं खेळायचं यंत्र विकत होती. तिनं खेळ बनवायचं कबूल केलं आणि दोघं तिकडे गेले. १९७१ साली ‘कॉम्प्युटर स्पेस’ तयार झाला. बुशनेलनं चिकणमातीत घडवलेल्या आकारावरून चकचकीत फायबरग्लासचं कॅबिनेट काढलं; आत डॅबनीचा वीजपुरवठा, डॅबनीचा आवाज. स्फोटाचा आवाज त्यानं झेनर डायोडमधल्या खरखरीतून काढला होता. नाणं टाकून खेळायचा, कारखान्यात तयार होऊन विकला गेलेला हा पहिला व्हिडिओ गेम.

मेन्लो पार्कमधल्या डच गूज या बारमध्ये तो चाचणीसाठी ठेवला तेव्हा स्टॅनफर्डचे विद्यार्थी त्यावर तुटून पडले. पण विद्यार्थी नसलेल्या वस्तीत लोक यंत्राकडे बघत आणि पुढे जात. वळण्याची बटणं, रेटा द्यायचं बटण, मारा करायचं बटण. सूचना वाचल्याशिवाय काही उमगायचं नाही, आणि बिअरचा ग्लास हातात असताना सूचना कोण वाचतो! तरी हजाराच्या वर यंत्रं खपली. बुशनेलनं नटिंगकडे कंपनीत मोठा हिस्सा मागितला. नटिंगनं दिला नाही. दोघं बाहेर पडले.

कंपनीची नोंदणी करायला गेले तर सिझिजी हे नाव आधीच कुणीतरी घेतलेलं. मग गोच्या परिभाषेतलं ‘अटारी’ निवडलं. २७ जून १९७२ रोजी अटारी इन्कॉर्पोरेटेड अस्तित्वात आली. सांता क्लारामधली लहानशी जागा, आणि घरखर्चाला आधार म्हणून आसपासच्या बारमध्ये ठेवलेली पिनबॉल यंत्रं. त्यांतली नाणी गोळा करणं, बिघडलेली यंत्रं दुरुस्त करणं, हा व्यवहार डॅबनीकडे. भागीदारीची वाटणी इथेच ठरून गेली होती: बाहेरच्या जगाशी बोलणार बुशनेल, आतलं जग चालतं ठेवणार डॅबनी.

अ‍ॅम्पेक्समधूनच त्यांनी अ‍ॅल अल्कॉर्नला आणलं. बर्कलीत शिकताना तो टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात काम करायचा, त्यामुळे टीव्हीचं अंतरंग त्याला पाठ. हात बसावा म्हणून बुशनेलनं त्याला टेबल टेनिसचा साधा खेळ करायला सांगितला, आणि जनरल इलेक्ट्रिकशी त्याचा करार झाला आहे अशी थाप मारली. कल्पना मात्र बुशनेलची नव्हती. २४ मे १९७२ ला बर्लिंगेममध्ये मॅग्नावॉक्स कंपनीनं आपला घरगुती खेळ ‘ओडिसी’ दाखवला, तिथे बुशनेल गेला होता. पाहुण्यांच्या वहीत त्याची सही आहे. ओडिसीमागे राल्फ बेअर या इंजिनिअरचं १९६० च्या दशकातलं काम होतं. मॅग्नावॉक्सनं पुढे १९७४ मध्ये दावा लावला, आणि १९७६ मध्ये अटारीनं परवान्याचे पैसे भरून तडजोड केली.

तरीही अल्कॉर्ननं केलेला खेळ ओडिसीची नक्कल राहिला नाही. त्यानं फळीचे आठ भाग केले. चेंडू मध्यावर आदळला तर सरळ परततो, कडेला लागला तर तिरका. फटके वाढत गेले की चेंडूचा वेग वाढतो. फळी पडद्याच्या पार वरपर्यंत पोचत नव्हती. हा सर्किटातला दोष त्यानं मुद्दाम राहू दिला, कारण त्यामुळेच निष्णात खेळाडूसुद्धा कधीतरी हरतो. बुशनेलला प्रेक्षकांच्या टाळ्या हव्या होत्या, डॅबनीला हरणाऱ्याची हुर्यो. अल्कॉर्नकडे तेवढ्या चिप उरल्या नव्हत्या. सर्किटात आधीच जे ध्वनी तयार होत होते त्यांतला एक त्यानं हुडकला, आणि तोच तो ‘टक्’ आवाज जगभर गेला. दुकानातून आणलेला हिताची टीव्ही डॅबनीनं केलेल्या लाकडी कॅबिनेटमध्ये बसला. सूचना जेमतेम दोन-तीन ओळींच्या: नाणं टाका, चेंडू सोडू नका. कॉम्प्युटर स्पेसनं शिकवलेला धडा पुरता वळला होता.

१९७२ च्या उन्हाळ्याअखेरीस ‘पाँग’ सनीवेलच्या अँडी कॅप्स टॅव्हर्नमध्ये ठेवला. काही दिवसांनी यंत्र बंद पडल्याचा निरोप आला. अल्कॉर्ननं जाऊन उघडलं तर नाण्यांचा डबा तुडुंब भरून वाहत होता आणि त्यामुळे नाणी अडकली होती. बिघाड काहीच नव्हता.

अटारीनं शिकागोच्या बॅली कंपनीशी एक खेळ करून देण्याचा करार केला होता. पाँगच तिला देऊन मोकळं व्हावं असं आधी ठरत होतं. नाण्यांचा डबा पाहिल्यावर बुशनेलचं मन फिरलं. बॅलीला त्यानं सांगितलं की तुमच्या मिडवे शाखेला हा खेळ नको आहे, आणि मिडवेला सांगितलं की बॅलीला नको आहे. ही हकिकत तो स्वतःच नंतर मोठ्या खुशीनं सांगत असे. खेळ सुटला, आणि अटारीकडे परतला. आता तो बनवायचा कुणी? कारखाना नाही, भांडवल नाही, बँका दारात उभ्या करीनात. नाण्यांच्या यंत्रांचा धंदा म्हणजे गुंडांचा धंदा, अशी बँकांची समजूत. डॅबनीनं टीव्ही आणि कॅबिनेटं जमवली, जुळणीची जागा लावून दिली. पहिल्या खेपेचे पैसे पुढच्या खेपेत, अशी कसरत. नोव्हेंबर १९७२ च्या अखेरीस पाँग बाजारात आला. पुढे जागा अपुरी पडली तेव्हा सांता क्लारामधली बंद पडलेली स्केटिंगची रिंक घेतली आणि बेरोजगारांच्या कचेरीतून माणसं भरून जुळणी सुरू केली. आठ हजारांच्या वर यंत्रं विकली गेली, आणि इतरांनी केलेल्या नकला त्याहून अधिक.

भरभराटीचे हे पहिले काही महिने चालू असतानाच भागीदारी तुटली. कंपनी वाढली तशी नवी माणसं आली. डॅबनीला बैठकांना बोलावणं कमी झालं. त्यातच त्याला कळलं, की ठिपका हलवण्याच्या सर्किटाच्या पेटंटसाठी बुशनेलनं नोव्हेंबर १९७२ मध्ये अर्ज केला आहे आणि त्यावर शोधक म्हणून एकच नाव आहे, बुशनेलचं. १९७४ मध्ये ते पेटंट त्याच नावानं मंजूर झालं. डॅबनीच्या सांगण्याप्रमाणे, हिस्सा विकला नाहीस तर सगळी मालमत्ता दुसऱ्या कंपनीत हलवीन आणि तुझ्या हाती काही उरणार नाही, असंही बुशनेल त्याला म्हणाला. मार्च १९७३ मध्ये डॅबनीनं आपला वाटा अडीच लाख डॉलरला देऊन टाकला. अटारीला नऊ महिने झाले होते.

हे वाचताना बुशनेलचा राग येतो, आणि तो यायलाच हवा. मुलीला खोलीबाहेर काढून ज्यानं यंत्राचा पाया घातला, त्याचं नाव पेटंटाच्या कागदावर नसणं हा सरळ अन्याय आहे. पण बुशनेलला नुसता चोर ठरवून ही हकिकत संपत नाही. तो नसता तर डॅबनी अ‍ॅम्पेक्समध्येच राहिला असता. तसा त्याचा पिंडच होता. स्टॅनफर्डला नेणारा, नोव्हा फसल्यावरही हट्ट न सोडणारा, बॅलीच्या हातून खेळ परत काढणारा बुशनेलच. त्याच्याकडे भविष्य दिसण्याची नजर होती. ज्यांच्या बळावर ते भविष्य उभं राहतं त्यांना सोबत ठेवण्याची समज मात्र नव्हती.

अटारी पुढे झपाट्यानं गेली. १९७४ मध्ये ओरेगनहून आलेला स्टीव्ह जॉब्स तिथे तंत्रज्ञ म्हणून लागला. भारतात येण्याची त्याची धडपड होती, तेव्हा अल्कॉर्ननं त्याला कंपनीच्या कामासाठी जर्मनीला पाठवलं आणि तिथून तो इकडे आला. १९७५ मध्ये घरी खेळायचा पाँग सिअर्सच्या दुकानांतून विकला गेला. १९७६ मध्ये वॉर्नर कम्युनिकेशन्सनं अटारी सुमारे २ कोटी ८० लाख डॉलरला घेतली. १९७७ मध्ये घरी खेळायचं व्हीसीएस यंत्र आलं, आणि त्याच वर्षी सॅन होजेमध्ये बुशनेलनं बोलणाऱ्या बाहुल्यांचं पिझ्झाचं दुकानही अखेर उघडलं. पुढच्या वर्षाअखेरीस वॉर्नरनं त्याला अटारीतून बाजूला केलं. आपण उभ्या केलेल्या कंपनीतून बाहेर पडणं म्हणजे काय, हे त्यालाही कळलं.

डॅबनीनं नंतर रेथिऑन, फुजित्सू अशा कंपन्यांत नोकऱ्या केल्या. मला याचं नवल वाटतं, की त्यानं बुशनेलशी संबंध तोडले नाहीत. पिझ्झाच्या दुकानात गिऱ्हाइकाला तुमचा पिझ्झा तयार आहे हे कळवणारी यंत्रणा त्यानंच करून दिली. पुढे तो इलेक्ट्रॉनिक्स सोडून पत्नीबरोबर कॅलिफोर्नियाच्या डोंगराळ भागातल्या क्रेसेंट मिल्स या गावी किराणा दुकान चालवू लागला. पुस्तकांत, माहितीपटांत, मासिकांत अटारीचा इतिहास लिहिला जात होता तो एका माणसाचा. डॅबनीचं नाव आलंच तर ओझरतं.

२००८ मध्ये बुशनेलच्या आयुष्यावर हॉलिवूडचा चित्रपट येणार, लिओनार्डो डिकॅप्रिओ त्याची भूमिका करणार, अशी बातमी आली. चित्रपट आजवर झाला नाही, पण जुन्या गोष्टी वर आल्या. व्हिडिओ गेमचा इतिहासकार लिओनार्ड हर्मन यानं डॅबनीशी बोलून २००९ मध्ये ‘एज’ या ब्रिटिश मासिकात सविस्तर लेख लिहिला. सत्तरी ओलांडलेल्या डॅबनीनं पहिल्यांदा जाहीरपणे सर्किट, मुलीची खोली, पेटंट, सगळं सांगितलं. माउंटन व्ह्यूच्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमनं २०१२ मध्ये त्याची तोंडी मुलाखत नोंदवून ठेवली. तिच्यात तो भाग कसे जोडले हे तपशिलानं, जवळजवळ आनंदानं सांगतो. तक्रारीला त्या मानानं थोडी जागा देतो.

२६ मे २०१८ रोजी वयाच्या ८१ व्या वर्षी कर्करोगानं त्याचं निधन झालं. बुशनेलनं त्याच्याबद्दल जाहीर शोक व्यक्त केला. न्यूयॉर्क टाइम्सनं मृत्युलेख छापला, आणि त्याच्या मथळ्यातच डॅबनीची ओळख अटारीचा एक संस्थापक अशी होती.